तिजोरी बंद, किल्ली खुंटीला

संगणक सुरक्षेबद्दल आलेल्या पत्रांपैकी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. धंदे वेगवेगळे असले तरी दुखणं एकच आहे. एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी माहिती बंद करणं) भक्कम आहे, पण त्याची किल्ली कुठे ठेवायची, कुणाला द्यायची आणि कधी बदलायची याचा विचारच झालेला नाही. इंग्रजी ‘की’ला इथे किल्लीच म्हटलं आहे, मराठीत ‘की’ हे अव्यय पावलोपावली येतं आणि वाचणारा अडखळतो. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : एका हॉटेलला ऑनलाइन ऑर्डर घेणारी वेबसाइट करून दिली. पेमेंट गेटवेची गुप्त किल्ली कोडमधल्याच एका फाइलमध्ये होती. नोकरीच्या मुलाखतीत काम दाखवता यावं म्हणून गिटहबवरची रेपो (कोड साठवण्याची जागा) पब्लिक केली. दोन दिवसांनी चूक लक्षात आली, तेव्हा ती ओळ खोडून नवी कमिट (बदलाची नोंद) पुश केली. आता फाइलमध्ये किल्ली दिसत नाही. एवढं पुरेसं आहे ना?
(फ्रीलान्स डेव्हलपर, जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट काहीच विसरत नाही, त्याचा जन्मच त्यासाठी झाला आहे. खोडलेली ओळ मागच्या कमिटमध्ये जशीच्या तशी आहे आणि इतिहास उघडला की वजा चिन्ह लावून लाल रंगात समोर येते. कमिटच्या संदेशात ‘सीक्रेट काढलं’ असं लिहिलं असेल, तर शोधणाऱ्याला तुम्ही पत्ताच दिलात. पब्लिक रेपोंवर अशा ओळी हुडकणारे बॉट सतत फिरत असतात. दोन दिवस त्यांच्यासाठी भरपूर झाले. रेपो पुन्हा प्रायव्हेट केल्यानेही काही होत नाही, कारण ज्याने ती क्लोन केली, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून घेतली, त्याच्याकडे ती आहेच.

त्यामुळे किल्ली चोरीला गेली असं धरूनच चाला, आणि क्रम चुकवू नका. बहुतेक जण आधी इतिहास साफ करत बसतात आणि किल्ली बदलायचं काम उद्यावर ढकलतात. बैल गेला अन् झोपा केला, तसला हा प्रकार. पहिलं काम म्हणजे गेटवेच्या डॅशबोर्डवर नवी किल्ली तयार करणं. जुनी किल्ली लगेच बंद करायची की काही तास चालू ठेवायची, असा पर्याय आला तर ‘लगेच’ निवडा. हॉटेलच्या ऑर्डरी अर्धा तास थांबल्या तरी चालेल.

‘या किल्लीने चोर फार तर रिफंड करेल, आणि रिफंड ज्याचा त्याच्याच खात्यात जातो, मग चोराला काय मिळणार?’ असं वाटू शकतं. पण बऱ्याच गेटवेंमध्ये पैसे जमा झाल्याच्या संदेशावर सही असते. ऑर्डर क्रमांक आणि पेमेंट क्रमांक एकत्र करून त्यावर याच गुप्त किल्लीने एचएमएसी (किल्लीशिवाय काढता न येणारा पडताळणीचा आकडा) काढलेला असतो, आणि तुमची साइट तो जुळला की ऑर्डर स्वयंपाकघरात पाठवते. किल्ली हातात असलेला माणूस ही सही घरबसल्या तयार करेल. बिर्याणी पोचेल, पैसे येणार नाहीत, आणि हिशेब जुळवायला बसल्यावरच हॉटेलवाल्याला ते कळेल. शिवाय याच किल्लीने मागच्या सगळ्या व्यवहारांची यादी गिऱ्हाइकांच्या मोबाइल नंबरांसह काढता येते. म्हणून किल्ली ज्या कमिटमध्ये पहिल्यांदा आली त्या तारखेपासूनचे गेटवेचे लॉग तपासा. अनोळखी आयपीवरून आलेल्या विनंत्या शोधा, आणि गेटवेच्या यादीत नसलेली पेमेंटं तुमच्या डेटाबेसमध्ये ‘यशस्वी’ म्हणून दिसतात का, तेही पाहा.

त्याच फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड आणि वेबहुकची (गेटवे तुमच्या साइटला आपोआप संदेश पाठवतो त्या सोयीची) गुप्त किल्लीही असणार. तीही बदला. सगळं झालं की ‘गिट फिल्टर-रेपो’ने इतिहास साफ करा; फोर्क (दुसऱ्यांनी गिटहबवरच केलेल्या प्रती) आणि दुसऱ्यांच्या क्लोनवर त्याचा परिणाम होत नाही हे धरूनच. नवी किल्ली सर्व्हरवर वेब फोल्डरच्या बाहेर एका फाइलमध्ये ठेवा. परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, आणि मालक फक्त ॲप चालवणारा युजर. वेब फोल्डरच्या आत ठेवलेल्या कॉन्फिग फाइलची कुणीतरी शेवटी ‘डॉट बॅक’ लावून प्रत करतं आणि सर्व्हर ती प्रत साधा मजकूर म्हणून जगाला वाढतो. वर्डप्रेसच्या साइटींवर हे नेहमी घडतं.

गिटइग्नोर, म्हणजे गिटने कोणत्या फाइलींकडे पाहू नये याची यादी, तिच्याबद्दल एक गैरसमज मोठा आहे. फाइल एकदा कमिट झाली की नंतर गिटइग्नोरमध्ये तिचं नाव घालून उपयोग नाही. गिट ती पाहतच राहतं. नाव पहिल्या कमिटच्या आधी घालायचं. ‘गिटलीक्स’सारखं साधन प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत) बसवलं की किल्लीसारखी दिसणारी ओळ तिथेच अडते. आणि फार लाजू नका. मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबची, त्यांच्या सर्व्हरची ओळख पटवणारी आरएसए एसएसएच खासगी किल्ली एका पब्लिक रेपोत थोडा वेळ उघडी पडली होती. त्यांनी किल्लीच बदलली आणि जगभरच्या वापरकर्त्यांना नवा फिंगरप्रिंट (किल्लीची छोटी ओळखखूण) स्वीकारावा लागला.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या अँड्रॉइड ॲपमध्ये रिपोर्ट एन्क्रिप्ट होऊन येतात. ते उघडायची किल्ली ॲपमध्येच आहे, पण तिचे तीन तुकडे करून बेस६४ मध्ये वेगवेगळ्या फाइलींत ठेवले आहेत आणि कोड प्रोगार्डने गुंतागुंतीचा केला आहे. ॲप बनवणाऱ्यांच्या मते हे कुणाला सापडणार नाही.
(लॅबचालक, सात रस्ता)

उत्तर : सापडेल. बेस६४ हे कुलूप नाही, ती फक्त लिहिण्याची वेगळी पद्धत आहे. ॲपची एपीके फाइल ‘जाडएक्स’ नावाच्या फुकट साधनात टाकली की वाचता येण्याजोगा जावा कोड बाहेर येतो. प्रोगार्ड क्लासची नावं ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी करतं, पण ‘एईएस’ (एन्क्रिप्शनचा सर्वांत रूढ प्रकार) हे अक्षरी नाव आणि अँड्रॉइडच्या क्रिप्टो लायब्ररीला केलेली हाक बदलत नाही. शोधणारा तिथूनच उलटा चालत जातो. तेवढेही कष्ट नको असतील तर ‘फ्रिडा’ने चालत्या ॲपमध्ये घुसून लायब्ररीच्या हातात पडणारी जोडलेली किल्ली वाचता येते. तुकडे तीन असोत वा तीस, वापरायच्या क्षणी ते एकत्र यावेच लागतात.

इथे किल्ली एकच आहे आणि ती प्रत्येक पेशंटच्या फोनवर आहे, हे खरं दुखणं आहे. एकाने काढली की सगळ्यांचे रिपोर्ट उघडतात. ॲपमधून ती पूर्ण काढून टाका. पेशंटने ओटीपीने लॉगिन केल्यावर सर्व्हरने त्याला थोड्या वेळाचं, १५ मिनिटांचं म्हणा, टोकन (तात्पुरता परवाना) द्यावं आणि त्यावर फक्त त्याचेच रिपोर्ट टीएलएसवरून (सुरक्षित जोडणीवरून) पाठवावेत. फोनवर रिपोर्ट जपून ठेवायचाच असेल, तर किल्ली त्या फोनच्या अँड्रॉइड कीस्टोअरमध्ये (किल्ल्यांच्या बंद पेटीत) तयार होऊ द्या. तिथली किल्ली ॲपलाही बाहेर काढता येत नाही. ॲप फक्त ‘हे उघडून दे’ असं सांगू शकतं. नकाशा किंवा नोटिफिकेशनच्या किल्ल्या ॲपमध्ये असल्या तर चालतं, त्या उघड राहण्यासाठीच बनवलेल्या असतात. मात्र पॅकेजचं नाव आणि सहीचा फिंगरप्रिंट यांचं बंधन त्यांच्यावर घाला, नाहीतर दुसऱ्याच्या ॲपचं बिल तुमच्या नावावर येईल.

प्रश्न : मी जॅकार्ड चादरींची आणि टॉवेलची डिझाइन करतो. कारखानदारांना फाइल पाठवताना मधे कुणी उचलू नये म्हणून भाच्याने जावामध्ये एक प्रोग्राम लिहून दिला. बीएमपी फाइल एईएसने एन्क्रिप्ट होते. किल्ली म्हणून गिऱ्हाइकाचा दहा आकडी मोबाइल नंबर आणि पुढे सहा शून्यं. तरी माझी दोन डिझाइन दुसऱ्याच्या मागावर दिसली. एईएस फोडता येतं का?
(डिझायनर, अशोक चौक)

उत्तर : एईएसला कुणी हात लावलेला नसणार. प्रोग्राममध्ये दोन भोकं आहेत आणि दोन्ही नेहमीची आहेत.

पहिलं भोक पद्धतीचं. एईएस एका वेळी १६ बाइटचा तुकडा घेतं आणि त्याचा १६ बाइटचा बदललेला तुकडा देतं. जावामध्ये नुसतं ‘एईएस’ मागितलं, पुढे पद्धत सांगितली नाही, तर जावाच्या नेहमीच्या लायब्ररीत ईसीबी ही पद्धत गपचूप लागू होते. ईसीबीत प्रत्येक तुकडा एकटा बदलतो, त्यामुळे सारखा तुकडा आला की निकालही सारखाच येतो. पत्राच्या मजकुरात हे चटकन दिसणार नाही. जॅकार्डच्या डिझाइनमध्ये मात्र ते ढळढळीत दिसतं, कारण तिथे एकाच रंगाची मोकळी जमीन लांबवर पसरलेली असते.

तुमच्याच फाइलीचं गणित पाहा. आठ बिटांच्या बीएमपीत एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे एका तुकड्यात १६ ठिपके. २,६८८ हुकांच्या जॅकार्डची एक ओळ म्हणजे तेवढेच ठिपके, बरोबर १६८ तुकडे. जमिनीचे सगळे तुकडे एकसारखे, म्हणून एन्क्रिप्ट झाल्यावरही एकसारखेच. २,६८८ ला १६ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे खालच्या ओळीतले तुकडे वरच्यांच्या बरोबर खाली बसतात. उचलणाऱ्याला एवढंच करायचं असतं: फाइलच्या सुरुवातीचे १,०७८ बाइट, म्हणजे ५४ चं शीर्ष आणि १,०२४ चा रंगतक्ता, काढून त्या जागी तेवढ्याच आकाराच्या कुठल्याही साध्या बीएमपीचे बाइट चिकटवायचे. चित्र उघडतं. रंग भलतेच येतात, जमीन बारीक उभ्या पट्ट्यांनी भरते आणि आडव्या दिशेला कडा १६ ठिपक्यांपर्यंत जाड होतात. पण मोर कुठे, वेल कुठे, किनार किती, सगळं दिसतं. अनुभवी डिझायनरला तेवढ्यावरून पुन्हा आलेख काढायला एक दुपार पुरते. फोडाफोडी काहीच नाही, किल्लीचीही गरज नाही.

दुसरं भोक किल्लीचं. १२८ बिटांची खरी किल्ली ओळखणं कुणाच्या बापाला जमणार नाही. पण तुमची किल्ली १२८ बिटांची फक्त दिसते. भारतातला मोबाइल नंबर ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होतो आणि पुढे नऊ अंक, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. गेम खेळायच्या चांगल्या ग्राफिक कार्डाला हा मिनिटांचा खेळ आहे. आणि तेवढं तरी कशाला? नंबर त्या कारखान्याच्या बिलबुकावर छापलेलाच असतो.

दुरुस्तीसाठी भाच्याला जीसीएम पद्धत वापरायला सांगा. प्रत्येक फाइलसाठी १२ बाइटचा नवा यादृच्छिक नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) काढायचा, तो फाइलच्या तोंडाशी उघडाच लिहायचा, आणि शेवटी १६ बाइटचा टॅग. फाइल २८ बाइटने वाढेल, बस. टॅगमुळे कुणी मधे एक ठिपका बदलला तरी फाइल उघडायला नकार देते. पण नॉन्स कोडमध्ये कायमचा लिहून ठेवला, तर जीसीएम ईसीबीइतकंच उघडं पडतं. एकाच किल्लीने आणि एकाच नॉन्सने दोन डिझाइन बंद केली आणि दोन्ही फाइली एकमेकींशी एक्सऑर केल्या (बिट-बिट ताडून पाहिल्या), तर किल्लीचा परिणाम आपोआप गळून पडतो आणि दोन डिझाइनमधला फरक उरतो. जिथे दोन्हीकडे जमीन आहे तिथे शून्य, म्हणून दोन्ही नक्ष्यांच्या कडा एकावर एक भुतासारख्या उमटतात. वर टॅग तयार करणारी आतली किल्लीही हाती लागते आणि बनावट फाइल खरी म्हणून खपवता येते.

किल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी द्या, ३२ बाइटची, यंत्राने काढलेली, आणि फाइल ज्या वाटेने जाते ती सोडून दुसऱ्या वाटेने. फाइल ईमेलने गेली तर किल्ली प्रत्यक्ष भेटीत. पासवर्डच हवा असेल तर तो थेट किल्ली म्हणून वापरू नका. १६ बाइटचं यादृच्छिक मीठ (इंग्रजीत सॉल्ट, पासवर्डला जोडायचे जादा बाइट) घालून किल्ली आर्गॉन२आयडी या पासवर्डपासून किल्ली बनवणाऱ्या पद्धतीने काढा, निदान १९ मेबीबाइट मेमरी आणि २ फेऱ्या. किंवा तशीच जुनी पीबीकेडीएफ२ पद्धत असेल तर एसएचए-२५६ सह ६ लाख फेऱ्या. ओवॅस्प या वेबसुरक्षेच्या संस्थेची शिफारस हीच आहे. फेऱ्यांमुळे प्रत्येक अंदाज महाग होतो, पण मोबाइल नंबरासारखा दुबळा पासवर्ड त्यानेही वाचत नाही.

आणि एक कडू गोष्ट. फाइल कारखानदाराच्या संगणकावर उघडते, म्हणजे किल्लीही तिथे पोचतेच. मधल्या चोरापासून एन्क्रिप्शन वाचवतं, गिऱ्हाइकानेच डिझाइन पुढे दिलं तर नाही. त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फाइलीत एखाद्या पाकळीचे दोन-चार ठिपके वेगळे ठेवण्याची जुनी युक्ती जास्त कामाची.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर ‘एईएस-२५६ ने सुरक्षित’ आहे असं पुरवठादार लिहून देतो. सर्व्हर ऑफिसातच आहे. रोज रात्री पेनड्राइव्हवर बॅकअप होतो आणि तो क्लार्क घरी नेतो. संचालक मंडळाला खात्री करून द्यायची आहे. काय विचारावं?
(व्यवस्थापक, बार्शी)

उत्तर : २५६ हा आकडा बाजूला ठेवा, त्याबद्दल वाद नाही. पहिला प्रश्न विचारा: किल्ली कोणत्या फाइलीत आहे आणि ती फाइल रात्रीच्या बॅकअपमध्ये जाते का? बहुतेक ठिकाणी बॅकअप म्हणजे सगळं फोल्डर. त्यात डेटाबेसही आला आणि शेजारची कॉन्फिग फाइलही. मग तो पेनड्राइव्ह म्हणजे किल्ली कुलपातच लावून ठेवलेली तिजोरी. एसटीत विसरला की संपलं.

दुसरा प्रश्न: हीच किल्ली तुमच्या दुसऱ्या संस्थांकडेही आहे का? पुरवठादार घुटमळला तर उत्तर मिळालं. प्रोग्राममध्येच किल्ली लिहिलेली असेल तर ती सगळ्यांची एकच असते, आणि एका संस्थेतून सोडून गेलेला माणूस सगळ्यांचा धोका होतो. तिसरा प्रश्न: किल्ली बदलायची झाली तर काय करावं लागेल? ‘तसं कधी लागलंच नाही’ हे उत्तर चालणार नाही.

नीट रचना अशी असते. डेटा एका किल्लीने बंद होतो, तिला डेटा-किल्ली म्हणू. ती डेटा-किल्ली दुसऱ्या, मोठ्या किल्लीने बंद करून डेटाशेजारी ठेवतात. मोठी किल्ली मात्र त्या सर्व्हरवर कधीच नसते. ती एचएसएम नावाच्या वेगळ्या यंत्रात किंवा क्लाउडच्या केएमएस या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत राहते आणि तिथून बाहेर येत नाही. सर्व्हर बंद डेटा-किल्ली तिकडे पाठवतो, उघडून परत घेतो, मेमरीत वापरतो आणि टाकून देतो. कोणी केव्हा मागितली याची नोंद तिकडे राहते. पेनड्राइव्ह हरवला तर त्यात फक्त बंद डेटा आणि बंद किल्ली. खर्चाचं कारण पुढे केलं जाईल, म्हणून सांगतो: ॲमेझॉनच्या केएमएसमध्ये एक किल्ली ठेवण्याचं भाडं महिन्याला साधारण एक डॉलर आहे, मागण्यांचे पैसे किरकोळ.

मोठी किल्ली बदलणं यात सोपं जातं, कारण फक्त डेटा-किल्ल्या पुन्हा गुंडाळायच्या, लाखो खात्यांना हात लागत नाही. पण डेटा-किल्लीच फुटली असेल तर सगळा डेटा नव्या किल्लीने पुन्हा बंद करावा लागतो, त्याला सुटका नाही. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर किल्लीचा आवृत्ती क्रमांक लिहिलेला हवा, नाहीतर अर्ध्या नोंदी जुन्या आणि अर्ध्या नव्या किल्लीच्या होऊन गोंधळ होतो. जुने पेनड्राइव्ह जुन्याच किल्लीने उघडतात हेही लक्षात असू द्या. त्यांची मुदत संपेपर्यंत जुनी किल्ली जपावी लागते, आणि किल्ली फुटली असेल तर ते पेनड्राइव्ह नष्ट करावे लागतात. तीन महिन्यांतून एकदा वेगळ्या संगणकावर बॅकअप खरोखर उघडून पाहा. किल्ली नसलेला बॅकअप उघडतच नाही, हे आग लागल्यावर कळून उपयोग नाही.

आधार क्रमांक साठवण्याची ज्यांना परवानगी आहे त्यांनी तो वेगळ्या आधार डेटा व्हॉल्टमध्ये ठेवावा आणि त्याच्या किल्ल्या एचएसएममध्येच असाव्यात, असं आधार देणाऱ्या यूआयडीएआयने २०१७ मध्येच सांगितलं आहे. मंडळाला आकडे लागतात, म्हणून आणखी दोन: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटाचोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये २५६ बिटांची किल्ली जावाच्या रँडम क्लासने काढली, सीड (सुरुवातीचा आकडा) म्हणून त्या वेळचे सेकंद. गाइड म्हणतात किल्ली ओळखता येते. ३२ बाइट कसे ओळखणार?
(विद्यार्थिनी, होटगी रोड)

उत्तर : ३२ बाइट ओळखायची गरजच नाही, सेकंद ओळखला की झालं. सीड तोच तर आकड्यांची माळही तीच. किल्ली कोणत्या दिवशी काढली एवढं कळलं की ८६,४०० शक्यता. वर्ष कळलं तर ३ कोटी १५ लाखांच्या आसपास. लॅपटॉप चहा निवेपर्यंत संपवेल. सेकंदाऐवजी मिलिसेकंद घेतले तरी तो हजारपट जास्त वेळ झाला, एवढंच. त्या क्लासची आतली स्थितीच ४८ बिटांची आहे, त्यामुळे त्यातून २५६ बिटांचा दम निघूच शकत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण डेबियन या लिनक्स प्रणालीचं. सप्टेंबर २००६ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या डेबियन पॅकेजमधून कोडच्या एक-दोन ओळी काढल्या गेल्या, कारण मेमरी तपासणारं साधन त्यांच्याबद्दल तक्रार करत होतं. त्या ओळींतूनच यादृच्छिकता आत येत होती. उरला फक्त प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रामला मिळणारा आकडा), जास्तीत जास्त ३२,७६८. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत एकेका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्यांची जगात जेमतेम तेवढीच विविधता तयार होत होती. सगळ्या आधीच काढून यादी करता आली, आणि तशी ती झालीही. पॅकेज अपडेट करून भागलं नाही. त्या काळात काढलेली प्रत्येक किल्ली टाकून नवी काढावी लागली. प्रोग्राम उत्तम चालत होता, एकही चाचणी नापास होत नव्हती.

जावात सिक्युअररँडम, पायथॉनमध्ये सीक्रेट्स, पीएचपीत रँडम_बाइट्स वापर, आणि सीड स्वतः देऊ नकोस. गाइडचं बरोबर आहे.

प्रश्न : डाळिंब बागांसाठी मोबाइलवरून चालणारे ठिबकचे कंट्रोलर बनवून विकतो. सगळ्या यंत्रांत एमक्यूटीटीची (यंत्रांना संदेश पाठवण्याच्या पद्धतीची) एकच किल्ली आहे, कारण फर्मवेअर (यंत्रातला प्रोग्राम) एकच ठेवायला सोपं जातं. चालेल ना?
(छोटे उद्योजक, सांगोला)

उत्तर : भंगारात गेलेल्या एका यंत्राने तुमचा सगळा तालुका उघडा पडेल. साध्या फ्लॅश चिपमधली किल्ली वाचणारं उपकरण काही शे रुपयांना मिळतं. मग त्याच किल्लीने दुसऱ्याच्या बागेचा व्हॉल्व्ह उघडता येतो, तोही रात्री, पाळीचं पाणी असताना.

फर्मवेअर एकच राहू दे, किल्ली वेगळी करा. कारखान्यातल्या एका संगणकावर मूळ किल्ली ठेवा, तिच्यातून आणि यंत्राच्या अनुक्रमांकातून एचएमएसीने त्या यंत्राची किल्ली काढा आणि चिपच्या वेगळ्या भागात लिहा. मूळ किल्ली यंत्रात कधीच जाऊ द्यायची नाही. ब्रोकरवर (संदेश पोचवणाऱ्या सर्व्हरवर) प्रत्येक यंत्राला फक्त स्वतःच्याच टॉपिकची (संदेशांच्या पत्त्याची) परवानगी द्या. हे राहून गेलं तर वेगळ्या किल्लीचा निम्मा उपयोग जातो. ईएसपी३२ चिप वापरत असाल तर फ्लॅश एन्क्रिप्शन आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू करा, पण आधी दोन-चार जुन्या बोर्डांवर करून पाहा. त्यात चिपमधले फ्यूज कायमचे जळतात, चुकलं तर बोर्ड वाया जातो. विकलेल्या यंत्रांना अपडेटमधून नव्या किल्ल्या द्या आणि मग जुनी सामाईक किल्ली ब्रोकरवर बंद करा. ती शेवटची पायरीच बहुतेकांची राहून जाते.

प्रश्न : टेंडर भरायची डिजिटल सहीची डोंगल ज्यांच्याकडून टेंडर भरून घेतो त्यांच्या ऑफिसात असते. पिन तिच्यावरच चिकटवलेला आहे, म्हणजे घाईत अडत नाही. यात धोका आहे का?
(ठेकेदार, मोहोळ)

उत्तर : सही केलेले कोरे चेक आणि पासबुक एकत्र ठेवण्यासारखं आहे. डोंगलमधली खासगी किल्ली बाहेर काढता येत नाही, यंत्र चांगलंच आहे. पण ते हातात आणि पिन समोर असेल तर काढायची गरजच काय? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ सांगतं, की खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची काळजी सहीधारकाने घ्यायची, ती फुटली तर प्रमाणपत्र देणाऱ्याला विनाविलंब कळवायचं, आणि कळवेपर्यंतची जबाबदारी सहीधारकाचीच. टेंडर कुणी भरलं हे नंतर सिद्ध करत बसावं लागेल ते तुम्हाला. चिठ्ठी काढा, डोंगलबरोबर आलेला मूळ पिन अजून तोच असेल तर बदला, आणि टेंडरच्या दिवशी डोंगल घेऊन स्वतः जा.

प्रश्न : दुकानातल्या संगणकाने अपडेटनंतर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी किल्ली मागितली. आम्ही कधी ठेवली नाही. टॅलीचा डेटा आत आहे. दुरुस्तीवाला फोडून देतो म्हणतो.
(कापड व्यापारी, चाटी गल्ली)

उत्तर : पैसे देऊ नका, किल्लीशिवाय तो उघडणार नाही. ती ४८ आकडी असते, सहा-सहाचे आठ गट. विंडोज पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं होतं, त्यात ती बहुधा आपोआप साठलेली असते. संगणक बसवून देणाऱ्याने स्वतःचंच खातं वापरलं होतं का, हे त्याला आधी विचारा. दुकानांत असं सर्रास होतं. तसं असेल तर ती त्याच्या खात्यात असेल. पडद्यावर दिसणाऱ्या किल्ली-ओळख क्रमांकाची सुरुवातीची आठ अक्षरं खात्यातल्या नोंदीशी जुळवा. मिळाली की कागदावर दोनदा लिहा. एक प्रत दुकानाच्या तिजोरीत, एक घरी.

डिस्क उघडली तरी टॅलीत टॅलीव्हॉल्टचा (टॅलीच्या स्वतःच्या कुलपाचा) पासवर्ड लावलेला असेल, तर तो वेगळा लागेल. तोही विसरला तर परत मिळवण्याची सोय नाही. मुनीमजींना विचारून तो आजच त्याच कागदावर घ्या.